पॅड किती तासांनी बदलतेस?

केसपेपरवर तक्रार लिहिली होती : चक्कर, अशक्तपणा. मुलगी चौदा वर्षांची, नववीतली. मराठवाड्यातल्या एका तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, त्यात बाजारचा दिवस, त्यामुळे ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई पुढे, मुलगी तिच्या आडोशाला. डॉक्टरबाईंनी मुलीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली, तळहात उलटे केले, नखं दाबून सोडली. तळहाताच्या रेषांतसुद्धा लाली नव्हती. "आधी हिमोग्लोबिन करून आणा," म्हणून तिला सिस्टरबरोबर पाठवलं. अर्ध्या तासानं चिठ्ठी आली : ५.६.

"पाळी येते का गं?"

उत्तर आईनं दिलं. "येते की. चालूच हाय सध्या."

"कधीपासून?"

आईनं मुलीकडं पाहिलं, मुलीनं फरशीकडं. "संकष्टीला सुरू झाली व्हती, ती थांबंनाच. कमीजास्त होतंय, पर जातंय."

डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. एकोणीस.

"गाठी पडतात?"

"पडतात." मुलगी पहिल्यांदाच बोलली.

"मग इतके दिवस का थांबलात?"

"म्याडम, सुरवातीला असंच असतंय की. मला बी असंच व्हायचं, माझ्या आईला बी. लगीन झाल्यावर बसतंय समदं."

आईनं हे डॉक्टरांना धीर द्यावा तसं सांगितलं. डॉक्टरबाईंनी मात्र ते वाक्य केसपेपरवर लिहून घेतलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. ती रेघ कशासाठी, ते पुढे येईल.

यंदाच्या अंकाचा विषय 'वयात येताना' आहे, असं संपादकांनी कळवलं. पाळीतला विटाळ, शिवाशीव, पॅडची उपलब्धता यांवर मराठीत पुष्कळ आणि चांगलं लिहून झालंय. पण पाळीच बिघडते, रक्त थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा मुलीचं काय होतं, तिला कोण कुठे नेतं, डॉक्टर काय करतात, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून ते बघायला बाहेर पडले.

पहिली दोन-तीन वर्षं

आईचं म्हणणं अगदीच खोटं नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. पहिली पाळी बहुतेक मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी येते. पण मेंदूतल्या ग्रंथी आणि बीजकोश यांचा मेळ बसायला पुढची दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ जातो. तोवर बऱ्याच महिन्यांत बीज सुटतच नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि एकटं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं. आधीचा थर वाळू न देता सारवणावर सारवण चढवत गेलं तर ते एकसंध निघत नाही, जागोजागी पोपडे सुटतात. अस्तराचं तसंच होतं. आज इथला तुकडा सुटतो, चार दिवसांनी तिथला. दोन महिने काही नाही आणि मग तीन आठवडे जातच राहतं, ते यामुळे.

म्हणून वयात येणाऱ्या मुलीची पाळी घड्याळासारखी येत नाही, हे डॉक्टरही मान्य करतात. पण या ढिलाईला हद्द आहे. पहिल्या पाळीनंतरच्या काही वर्षांत दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवस असू शकतं. रक्तस्राव सात दिवसांच्या आत थांबायला हवा. दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, रात्री उठून बदलावा लागत असेल, गादी-चादर खराब होत असेल, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, तर 'सुरुवातीला असंच असतं' हे वाक्य तिथे लागू पडत नाही. तीन महिने पाळीच आली नाही, तरीही दाखवायला हवं. अमेरिकेतल्या बालरोग आणि स्त्रीरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००६ साली एकत्रितपणे सांगितलं की किशोरीची पाळी ही नाडी, ताप, रक्तदाब यांच्यासारखीच तपासणीच्या वेळी विचारून नोंदवायची गोष्ट आहे. आपल्याकडे नाडी पाहतात, वजन करतात. पाळीचं आई बोलली तर बोलली.

रक्त मोजलं, गळती नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ५४.१ होता. म्हणजे वाढला. उपाय म्हणून शाळाशाळांतून आठवड्याला एक निळी गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ही गोळी चांगली आहे, ती बंद व्हावी असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण ज्या मुलीचं रक्त महिन्यातले पंधरा दिवस वाहून जातंय, तिला ती पुरणार कशी, याचं गणित कुणी मांडत नाही.

ते कागदावर मांडता येतं. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे १९६६ साली झालेल्या अभ्यासातून एका पाळीत ८० मिलिलिटरची मर्यादा पुढे आली. त्याहून जास्त रक्त जाऊ लागलं की शरीरातलं लोह भरून निघणं अवघड होतं. आता समजा, एखाद्या मुलीचं हिमोग्लोबिन ११ आहे आणि पाळीत २०० मिलिलिटर रक्त जातंय. एका पाळीत २२ ग्रॅम हिमोग्लोबिन गेलं, म्हणजे जवळपास ७५ मिलिग्रॅम लोह गेलं. महिन्यात चार निळ्या गोळ्या घेतल्या तर पोटात २४० मिलिग्रॅम लोह गेलं. त्यातलं दहा-पंधरा टक्के अंगी लागलं असं धरलं, तर हाती येतं २४ ते ३६. उरलेली तूट भाकरी-भाजीतून भरायची, आणि तीसुद्धा वाढीच्या वयात. शाळेत गोळ्या घेऊनही काही मुलींचं हिमोग्लोबिन तसूभर हलत नाही, तेव्हा 'गोळी खात नसेल, फेकून देत असेल' असं बोलून मोकळं होण्याची पद्धत आहे. तिचं रक्त जातंय कुठे, हे विचारणं राहून जातं. या लेखासाठी फिरताना मला सगळ्यात जास्त सलली ती हीच गोष्ट.

विचारायचं ठरवलं तरी मोजायचं कसं? १९९० साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एक चित्रतक्ता केला. पॅडवर थोडा डाग असेल तर एक गुण, निम्माशिम्मा भिजला तर पाच, पूर्ण भिजला तर वीस, गाठींचे गुण वेगळे. बेरीज शंभराच्या वर गेली की रक्तस्राव जास्त आहे असं समजायचं. दवाखान्यात हा तक्ता उपयोगी पडतो, पण कापड वापरणाऱ्या मुलीला तो लावता येत नाही. डॉक्टरबाईंनी त्यावर आपली रीत काढली आहे. त्या विचारतात, "शाळेत गेल्यावर सुट्टीपर्यंत कपडा पुरतो का? बसल्या जागी डाग पडतो का? रात्री किती वेळा उठतेस? पाळीत शाळा बुडते का?" मुली 'जास्त जातं का' या प्रश्नाला 'नाही' म्हणतात, कारण जास्त म्हणजे किती हे त्यांना माहीतच नसतं. 'डाग पडतो का' म्हटलं की उत्तर येतं.

आईला केसपेपर काढायला पाठवणं

चौदा वर्षांच्या मुलीला आईसमोर सगळं सांगता येत नाही. म्हणून तपासणीत एक टप्पा असा असतो की आईला औषधांच्या खिडकीकडे किंवा केसपेपरच्या रांगेत पाठवतात. सिस्टर खोलीत थांबते, दार ओढून घेतात, मग डॉक्टर विचारतात. कुणी त्रास दिलाय का, कुणाशी संबंध आलाय का, पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती का, दुकानातून आणून आणखी काही घेतलं होतं का. रक्तस्रावाच्या तक्रारीत गर्भ राहिला नाही ना, हे बघणं भाग असतं, कारण राहिलेल्या किंवा अर्धवट पडलेल्या गर्भाचा रक्तस्राव जिवावर बेततो. लघवीच्या तपासणीत ते पाच मिनिटांत कळतं.

ही पाच मिनिटं डॉक्टरांना जड जातात. मुलगी अठराच्या आतली असेल आणि तपासणी होकारार्थी आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे ठाऊक असलेले आईबाप मुलीला सरकारी दवाखान्यात आणायलाच घाबरतात. मुलीच्या मनातली भीती आणखी वेगळी असते : आतून तपासतील. खरं तर या वयात आतून तपासणी बहुधा करावीच लागत नाही. पोटावरून सोनोग्राफी होते, त्यासाठी पाणी पिऊन लघवी थांबवून बसायचं, एवढंच. डॉक्टरबाई हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात. ते ऐकून मुलीचे वर चढलेले खांदे खाली येताना मी पाहिले.

सोनोग्राफीबद्दल शहरातल्या आयांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. पुण्यामुंबईत पाळी मागेपुढे झाली की सोनोग्राफी होते, रिपोर्टात बीजकोशात बारीक बारीक पुटिका दिसतात आणि मुलीच्या नावापुढे 'पीसीओडी' चिकटतं. या वयात अशा पुटिका कितीतरी निरोगी मुलींच्या बीजकोशांत असतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट सांगितलंय की पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत सोनोग्राफीच्या आधारावर हे निदान करू नये. चेहऱ्यावरचे केस, मुरुमं, पाळ्यांमधलं लांबत गेलेलं अंतर आणि रक्तातली संप्रेरकं पाहून ते करायचं असतं. सोळाव्या वर्षी 'तुला मूल होणार नाही' अशी भीती घेऊन जगणाऱ्या मुली मला भेटल्या. ती भीती त्यांना एका कागदानं दिलेली होती.

दोन रेघा

आता त्या अधोरेखित वाक्याकडे. आईला असंच व्हायचं, आजीलाही. घरच्यांच्या लेखी हा दिलासा असतो, डॉक्टरांच्या लेखी तो माग असतो.

१९२४ साली एरिक फॉन विलेब्रांड या फिनिश डॉक्टरांकडे बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवरची पाच वर्षांची मुलगी आली. तिच्या घरात कितीतरी जणांना रक्त न थांबण्याचा त्रास होता, काही बहिणी लहानपणीच त्यापायी गेल्या होत्या. डॉक्टरांनी त्या घराण्याचा अभ्यास करून १९२६ साली तो प्रसिद्ध केला. हिमोफिलियाहून वेगळा, बायकांनाही होणारा हा आजार आज त्यांच्याच नावानं ओळखला जातो. ती मुलगी पुढे वयात आली आणि चौथ्या पाळीत रक्तस्रावानं गेली.

या आजारात रक्ताची गाठ धरायला मदत करणारं एक प्रथिन कमी पडतं किंवा सदोष असतं. एरवी त्याचा पत्ता लागत नाही. घोळणा फुटला तर दहा-पंधरा मिनिटं थांबत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, कुठे आपटल्याचं आठवत नाही तरी अंगावर काळेनिळे डाग उठतात. मग पाळी येते, आणि शरीराची पहिली मोठी परीक्षा होते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार, जास्त रक्तस्रावासाठी तपासल्या जाणाऱ्या किशोरींपैकी साधारण पाचात एकीला रक्तस्रावाचा काही ना काही दोष सापडतो. दवाखान्यात दाखल करावं लागलेल्यांत तीनात एकीला. आपल्याकडे मामाची मुलगी करून घेण्याची रीत ज्या भागात टिकून आहे, तिथे आईबाप दोघांकडून उतरणारे दुर्मिळ दोषही ध्यानात ठेवावे लागतात. ग्लान्झमान नावाच्या दोषात प्लेटलेट्सची संख्या अगदी ठीक असते, त्या कामच करत नाहीत. साध्या सीबीसीच्या कागदावर हे उमटत नाही.

सीबीसी, थायरॉइड, रक्त गोठण्याच्या प्राथमिक चाचण्या जिल्ह्याच्या ठिकाणी होतात. फॉन विलेब्रांडमध्ये त्या प्राथमिक चाचण्याही पुष्कळदा नॉर्मल येतात. नेमकी चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या आहेत. आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था मुंबईत परळला केईएमच्या आवारात आहे, तिचं या विषयातलं काम जुनं आहे. पण नमुना तिथवर पोचवणं हेच एक काम होऊन बसतं. निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरावी लागते. कमी भरली तर आतल्या सायट्रेटचं प्रमाण चुकतं. रक्त तसंच बर्फात ठेवून पाठवलं तर हे प्रथिन खोटंच कमी दिसतं, म्हणून काही तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा लागतो. शिवाय शरीरावर ताण असेल, रक्तस्राव जोरात असेल, इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील, तर पातळी वर चढून आजार झाकला जातो. ओ रक्तगटात ती मुळातच कमी असते. म्हणजे एकदा तपासून भागत नाही, आणि नमुन्यापेक्षा मुलीलाच न्यावं लागतं. मुंबईचं तिकीट, दोन दिवसांची मजुरी, राहायचं कुठे. आई तिथेच गप्प झाली.

थांबलं म्हणून बंद केलेली गोळी

५.६ हिमोग्लोबिन आणि चालू रक्तस्राव, म्हणून मुलीला ॲम्ब्युलन्सनं जिल्हा रुग्णालयात हलवलं. रक्त देण्याचा निर्णय नुसत्या आकड्यावर होत नाही. नाडी किती, उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो का, धाप लागते का, हे पाहतात. साताच्या खाली गेलं की सहसा देतातच. देण्याआधी चाचण्यांचे नमुने काढून ठेवायला हवेत, नाहीतर दुसऱ्याचं रक्त चढल्यावर निदान गढूळ होतं. ही साधी गोष्ट धावपळीत राहून जाते.

रक्तस्राव थांबवायला दोन वाटा. पहिली ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची. जमलेली गाठ विरघळू न देणारं हे औषध जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती यांनी १९६२ मध्ये शोधलं. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बाया वाचाव्यात, हा ओकामोतोबाईंचा ध्यास होता. दुसरी वाट संप्रेरकांची : सुटत चाललेल्या अस्तराला धरून ठेवायचं. त्यासाठी नॉरएथिस्टेरॉन देतात किंवा दोन संप्रेरकांची एकत्रित गोळी. पाळीत पोट दुखतं म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या मात्र रक्तस्रावाच्या दोषाचा संशय असेल तर टाळतात, कारण त्यांनी प्लेटलेट्स आणखी सुस्तावतात.

नॉरएथिस्टेरॉन महाराष्ट्रातल्या घराघराला माहीत आहे. गौरी-गणपतीला, सत्यनारायणाला, घरातल्या लग्नाला पाळी पुढे ढकलायची ती हीच गोळी. दुकानदाराला खूण केली की मिळते. त्यामुळे तीच गोळी उपचार म्हणून दिली की दोन गोष्टी होतात. घरात आधीच पडून असलेली पट्टी मनानं सुरू केली जाते. किंवा डॉक्टरांनी एकवीस दिवस सांगितलेली असताना चौथ्या दिवशी रक्त थांबलं म्हणून बंद केली जाते. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत अस्तर सुटून पुन्हा जोरात जातं, आणि 'औषध लागू पडलं नाही' म्हणून डॉक्टर बदलतात. हे आधीच बजावून सांगितलं तर कितीतरी फेऱ्या वाचतील. गोळी संपल्यावर पाळी येणार आहे, ती यायलाच हवी, घाबरायचं नाही.

एकत्रित गोळीचं नाव निघालं की खोलीतली हवा बदलते. सरकारी केंद्रात मोफत मिळणारी माला-एन हीसुद्धा त्याच जातीची. एका पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि शेवटच्या सात लोहाच्या, म्हणजे रक्तक्षयाच्या मुलीला ते लोहही उपयोगीच. पण पाकिटावर कुटुंब नियोजनाचं चिन्ह आहे. "लग्नाआधी पोरीला ह्या गोळ्या? उद्या कुणी पाहिलं तर?" हा प्रश्न जिल्हा रुग्णालयातल्या वॉर्डात मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला. त्या आयांना हसण्यासारखं त्यात काही नाही. त्यांच्या गावात मुलीचं स्थळ अशा एका पाकिटावरून खरंच मोडू शकतं. एका निवासी डॉक्टरनं त्यावर साधा मार्ग काढला होता. ती गोळ्या कोऱ्या कागदी पाकिटात घालून, वर मुलीचं नाव आणि 'पाळीच्या त्रासासाठी' असं लिहून देते, आणि या गोळीनं पुढे मूल व्हायला अडचण येत नाही, हे आई आणि मुलगी दोघींना समोर बसवून सांगते. आधी रक्तदाब पाहते, डोळ्यांपुढे चमकून होणारी अर्धशिशी आहे का, घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली होती का, हे विचारते, कारण तशा मुलींना ही गोळी चालत नाही.

गर्भपिशवी साफ करण्याची जुनी शस्त्रक्रिया या वयात जवळजवळ कधीच लागत नाही. लागतं ते रक्त थांबल्यावरही कित्येक महिने रोज लोह घेणं. आकडा बारावर आला तरी साठा रिकामाच असतो, म्हणून त्यानंतरही काही महिने. नेमकं तेव्हा मुलीला बरं वाटू लागलेलं असतं आणि गोळ्या कपाटात जातात.

हे नीट झालं नाही तर पुढे काय होतं, ते बीडनं दाखवलंय. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. फडावर खाडा परवडत नाही, अंगावरून जातंय, औषधानं फरक पडत नाही, मग काढूनच टाका. त्यातल्या किती जणींचा त्रास चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू झाला होता आणि 'लगीन झाल्यावर बसतंय' म्हणून सोडून दिला होता, हे कुणी विचारलेलं नाही.

वसतिगृहातली वही

शाळांतून आरोग्य तपासणीचं पथक येतं. किशोरींच्या तपासणीत पाळी उशिरा येते का, अनियमित आहे का, दुखतं का, हे विचारायचं असतं. किती दिवस जातं, डाग पडतो का, हे राहतं. आणि विचारतात ते वर्गाबाहेरच्या ओळीत, पुढचीमागची ऐकत असताना. हे दोन प्रश्न वाढवले, आणि एक पडदा लावला, तर पथकाला आणखी काही लागत नाही. हिमोग्लोबिन आठाच्या खाली असलेल्या प्रत्येक मुलीला तरी ते विचारायलाच हवेत.

नाशिक जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेच्या अधीक्षिकेनं कुणी न सांगता हे सुरू केलंय. पॅड वाटायचं काम तिच्याकडेच आहे. कुणाला पाकिटं जास्त लागतात हे तिच्या लक्षात यायला लागलं, तेव्हा तिनं वही घातली. मुली स्वतः येऊन सुरू झाल्याचा आणि थांबल्याचा दिवस लिहितात. सात दिवसांच्या वर गेलं की ती त्या मुलीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जाते. त्यातल्या एकीचं थायरॉइड बिघडलेलं निघालं, ती आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि तिची पाळी पाच दिवसांवर आली आहे. दुसरीत काही दोष सापडला नाही, बीज सुटण्याचं चक्र अजून बसायचंय, म्हणून डॉक्टरांनी सहा महिने वहीवर लक्ष ठेवायला आणि लोह चालू ठेवायला सांगितलंय. तिसरीला वडील सुट्टीत घरी घेऊन गेले ते परत पाठवलं नाही. तिच्या तपासण्यांचे कागद अधीक्षिकेनं पाड्यावरच्या आशाताईंकडे दिलेत, मुलीचा घोळणा फुटतो आणि थांबत नाही हे चिठ्ठीत वेगळं लिहून.